विग्रह

मला छावनी ठाण्यात बोलावलं,
कारण बत्तीस वर्षं मराठी शिकवली या शहरात.
तक्रार चेतन वाघमोडेच्या रॅपविरुद्ध.
सगळं हिंदीत, एकच शब्द मराठी,
आणि तोच अख्ख्या इंदूरला पाठ:
पोह्यांवर जीरावन भुरभुरताना ठेलेवाला म्हणतो,
रिक्षावाले हॉर्नवर वाजवतात,
आपल्या मंडळात निषेधाचा ठराव वाचला
तर मागच्या रांगेत कुणाचा फोन
नेमका त्याच गाण्यानं वाजला.

"मॅडम, ये भाडखाऊ मतलब?"
टीआय साहेब पेन उघडून बसलेले.
शेजारी नगरसेवक, पांढऱ्या सदऱ्यात, घामेजलेले.

खरा अर्थ मला ठाऊक होता.
लहानपणी एकदा बोलले, तर आईनं
जिभेवर मिरची चोळली होती.

चेतन माझ्याच वर्गातला, खिडकीजवळचा.
समासाचा विग्रह म्हटलं की पेन्सिलीला टोक करत बसायचा.
मी विग्रह केला:
भाडं खाणारा, तो.
लिहून घ्या.

"किसका भाडा?"
टीआयनी सहज विचारलं.
ठाण्याबाहेर, नाल्याच्या कडेला,
बावीस ठेले, रोजचे दोनशे,
पावती नाही.

नगरसेवकांनी पाणी मागितलं.
शिपाई पेला घेऊन आला, गुणगुणत,
आणि बरोब्बर त्या शब्दाशी
गप्प झाला.