बसकण

केंडलमध्ये रात्री कुणी जागं नसतं
तेव्हा माझी गाडी खाली बसते.
आधी पुढचा डावा कोपरा, मग उजवा, मग बूड,
दावणीला म्हैस टेकावी तशी,
एक लांब उसासा सोडून.
सकाळी किल्ली फिरवली की कंप्रेसर कण्हतो
आणि ती उठते.
चाळीस सेकंदांत. कधी दोन मिनिटांत.
कधी नाहीच.

घेतली तेव्हा अकरा वर्षांची होती.
पेनरिथच्या पुढे, एका चिखलवाटेच्या शेवटी,
हॉजसन नावाचा उंच, सभ्य माणूस.
साडेसात हजार पौंड.
कातडी सीट, अक्रोडाच्या लाकडाची पट्टी.
कुठलाही डोंगर चढेल, म्हणाला.
डोंगराबद्दल तो खोटं बोलला नाही.

नवी होती तेव्हा साठ हजारांची.
मला वाटलं, वरचे साडेबावन्न
कुणीतरी आपल्यासाठी भरून ठेवलेत.
नेव्ह बर्केट हसला नाही. हात पुसत म्हणाला,
"गाडी साडेसात हजारांची झाली.
पार्ट अजून साठ हजारांच्या गाडीचेच आहेत."

टर्बोपर्यंत पोचायला त्याने
तिचं अख्खं धड सांगाड्यावरून उचललं.
चार दिवस ते वर अधांतरी,
खाली चासी, नळ्या, तारा, सगळं उघडं.
बघायला गेलो तर
चपला बाहेर काढाव्यात असं वाटलं.
नंतर बिलात एक बोल्ट होता, तीन पौंड वीस,
आणि त्याच्याखाली मजुरी.

बिलं वैजूने शॉर्टब्रेडच्या डब्यात ठेवली,
बेरीज केली नाही.
काही बेरजा म्हणे घटस्फोटासाठी राखून ठेवाव्यात.

किती काय काय बसतं आपल्याकडे:
आवाज बसतो, धंदा बसतो, दातखीळ बसते,
फटका बसतो, भुर्दंड बसतो.
हातही बसतो.
माझा बसला. रविवारी भांड्याच्या साबणाचं पाणी घेऊन
मी गाडीखाली उताणा पडतो,
नळ्यांवर ब्रश फिरवतो
आणि बुडबुडा कुठे फुगतो ते बघत राहतो.
मिरजेला बाबा पेट्या दुरुस्त करायचे.
भात्याला कान लावून सांगायचे
हवा कुठून पळतेय.
त्यांना साबण लागायचा नाही.
त्यांची एकही पेटी अडीच टनांची नव्हती, हेही खरं.

आणि एकदा, फेब्रुवारीत,
कर्कस्टोनच्या घाटात बर्फ पडत होतं,
गाड्या तिरक्या होऊन भिंतींना टेकलेल्या,
त्यांच्यामधून ही चढली,
न चिडता, न घसरता,
सीट गरम, वैजू गप्प, माझा एक हात स्टिअरिंगवर.
त्या वीस मिनिटांच्या जिवावर
मी पुढची तीन वर्षं काढली.

आज अकराला गिऱ्हाईक यायचं होतं.
साडेदहाला खाली गेलो. किल्ली फिरवली.
उठेपर्यंत थांबलो, बंद केली.
गल्लीतल्या सगळ्या गाड्यांवर दव,
फक्त हिचं बॉनेट कोरडं.
तेव्हा हॉजसनकडचं मांजर आठवलं.
आम्ही पोचलो तेव्हा ते
याच बॉनेटवर अंगाचं वेटोळं करून झोपलं होतं.
वैजूने फोटो काढला होता. कित्ती गोड, म्हणालो होतो.

मुलगा असेल सत्तावीसचा. बरोबर बायको, सातवा महिना.
तो चाकांना लाथा मारून बघत होता,
लाथांतून काय कळतं देव जाणे.
तिने बॉनेटवर तळवा ठेवला
आणि काढला नाही.
माझ्याकडे बघत राहिली.

बसा, मी म्हणालो.
तो लगेच दाराच्या हँडलकडे गेला.
गाडीत नाही, म्हटलं. आत घरात.
आणि वैजूला हाक मारली,
तो डबा काढ म्हणून.