साडेचार ते पाच

पुंता अरेनासला वारा इतका
की चौकात दोर बांधतात, माणसांना धरायला.
एदुविहिसला डॉक्टरीणबाईंनी दिलेला दोर म्हणजे
एक वेळ, साडेचार ते पाच,
आणि एक खुर्ची, खिडकीकडे पाठ केलेली.
काळजी करायची ती तिथेच.
एरवी आली तर वहीत नाव टिपायचं,
म्हणायचं, संध्याकाळी ये.

पहिला आठवडा कुणी ऐकेना.
भांडी घासताना गॅस,
लोकर विंचरताना छातीतली कळ,
रात्री तीनला नेल्सोनची खेकड्यांची बोट.
ओल्या बोटांनी वही फुगली.

मग साडेचारला वाचता वाचता
गॅस नुसता गॅस वाटू लागला,
कळ कालच्या पावासारखी, कडक, बेचव.
बोट तेवढी राहिली.
बोट राहणारच.
तिच्यासाठी पुरी वीस मिनिटं.

काल शेजारच्या दानित्साने मटार सोलायला बसवलं,
बोलण्याच्या नादात सहा वाजले.
दचकून उठली, मांडीवरच्या शेंगा सांडल्या:
आज काळजी करायचीच राहिली!
समुद्राला कळलं असेल का?

वहीत लिहिलं, उद्यासाठी:
‘काळजी विसरल्याची काळजी.’
जरा वेळाने त्याखाली, बारीक अक्षरात:
मटार गोड होते.