दोन किलो तांदूळ

आधी दोन किलोची तांदळाची पिशवी
डोळ्यांसमोर धरून पाहिली.
ऐरोली, सेक्टर आठ, मागची गॅलरी.
डावा तळवा खाली, कोपर बरगडीला टेकलेलं,
श्वास अर्धा सोडून.
एक मिनिट दहा सेकंद. मग मनगट थरथरलं
आणि समोरच्या विंगेतल्या देवस्थळीबाई
हातातला ओला परकर तसाच धरून
नवा व्यायाम का, म्हणाल्या.
मी हो म्हटलं.
पक्ष्यांचे फोटो, असं सांगायला
माझ्याकडे अजून एकही पक्षी नव्हता.

दीडशे-सहाशेचं वजन एवढंच, दोन किलो.
सत्तर-तीनशेचं पाऊण,
म्हणजे डझनभर अंडी आणि वर कोथिंबिरीची जुडी.
किमतीतला फरक मात्र
एका दाढेच्या रूट कॅनालचा नाही,
अख्ख्या बत्तिशीचा.

ठाण्याच्या दुकानातला अन्वय
प्रत्येक वाक्याआधी म्हणायचा, मॅडम, खरं सांगू?
खरं सांगू, तीनशे कमीच पडतं.
खरं सांगू, पाचशेही कमीच पडतं.
दारात उभं राहून त्याने मोठी लेन्स लावून दिली
तर तलावापलीकडच्या गाडीवरचा भेळेचा दर वाचता आला,
त्यावरची खोडाखोडही.
गेली अठ्ठावीस वर्षं मी रक्ताच्या काचा बघते,
लांबचं काही इतकं जवळ
कधी कुणी आणून दिलं नव्हतं.

रविवारी भाड्याने घेतली. बाराशे रुपये, अनामत वेगळी.
सातला दिव्याच्या धक्क्यावर पोचले.
पाणी ओसरलेलं, नुसता चिखल,
आणि पार टोकाला गुलाबी खडूची एक रेघ.
सहाशेला ताणून बघितलं,
रेघ फक्त जाड झाली, वाफेवर हलणारी.
मनगट पुन्हा थरथरलं. तांदूळ निदान गप्प असतो.

हिराजी मढवी जाळं शिवत होते. मान वर न करता म्हणाले,
"पानी चढू दे बाय. त्येच येतील सरकत."
कधी?
"आज तिथ कंची? द्वादशी. बाराची पाऊणपट, नऊ.
खाडीत थोरं मागं-पुढं."

मी नळकांडं मांडीवर ठेवून बसले.
पाणी आलं ते दिसलंच नाही,
चिखलाचा रंग बदलत गेला फक्त.
पुढे शेकाट्या, मग तुतवारांची घाई,
आणि मागून ते रोहित,
चिखल बुडेल तसे एकेक पाऊल आमच्याकडे,
जणू त्यांनाच कुणी लेन्स फिरवून आणत होतं.
सव्वानऊला सहाशेत नुसता एक गुडघा मावला.
दीडशेवर आणलं, तर मान आणि वाकडी चोच.
एक फोटो आला. बाकीचा वेळ
मी कॅमेरा न लावताच बघत बसले,
तासाला दीडशे रुपयांचं ते ओझं मांडीवर घेऊन.

सोमवारी तीनशेची घेतली.
अन्वय म्हणाला, खरं सांगू?
मी म्हटलं, नको.

आता फ्रिजवर गॅसच्या नंबराशेजारी पंचांगाचं पान आहे.
देवस्थळीबाईंनी गॅलरीतून विचारलं,
आज कसला उपास?
म्हटलं, दशमी. साडेसातला.
त्या काही बोलल्या नाहीत, चिमटे मोजत राहिल्या.

तांदळाची पिशवी अजून फोडलेली नाही.
अधूनमधून उचलून बघते.
परवा दीड मिनिट झालं.