कोथिंबिरीच्या पुढे

खंडेराव मार्केटातून आणलेला दुधी
मी फ्रीजमध्ये कोथिंबिरीच्या जुडीमागे दडवला होता
वर्तमानपत्रात गुंडाळून,
चोरीचा माल ठेवावा तसा.
बेत असा, की मुलं झोपली की किसायचा,
पिळायचा, केळ्यात मिसळून टाकायचा
आणि सकाळी म्हणायचं,
केळ्याचे मफिन आहेत, खा.

पण रेणुकाचा हात आता मधल्या कप्प्याला पोचतो.
तिनं कागद सोडला, दुधी काखेत घेतला
तान्ह्या बाळासारखा,
आणि विचारलं, हा कुणाचा?

मग काय.
कारेलीबागेत तिसऱ्या मजल्यावर, रविवारी भर दुपारी,
ओट्याशी एक स्टूल, एक उलटी बादली,
आणि समोरच्या हंसाबेनचा ध्वनिल दारात:
मारे पण करवुं छे.
त्याला गाजर दिलं.
अर्धं त्यानं किसलं, अर्ध्याचा हिशेब
त्याच्या गालात होता.

शौनकला दुधी सोलायचा कंटाळा,
त्यानं सालीसकटच किसला.
हिरवे धागे, पांढरे धागे,
परातीत नुसतं ओलं गवत.
म्हटलं, अरे, हे दिसेल की सगळं.
तो म्हणाला, दिसू दे. मीच किसलंय.

रेणुका केळी कुस्करत होती. काटा दिला होता,
तिनं मुठीनं कुस्करली.
गव्हाचं पीठ, गूळ, वेलदोडे,
आणि दह्यात चिमूटभर सोडा पडल्यावर
तिघांनी वाडग्याला कान लावले.
बोलतंय, ध्वनिल म्हणाला.
काय बोलतंय ते कुणी सांगेना.

एवढ्यात लाइट गेली.
ओव्हनचा लाल डोळा मिटला.
माझा चेहरा पडला असणार,
कारण ध्वनिल धावत गेला
आणि आजीचा हांडव्याचा कुकर पोटाशी धरून आला.
मागून हंसाबेन. कुकरच्या तळाशी महीची वाळू,
तिच्या लग्नातली.
आम्ही आमटीच्या वाट्यांना तूप लावलं,
वाट्या आत मांडल्या, गॅस बारीक केला.
झाकणाला काचेची खिडकी, मुठीएवढी,
तिच्याशी तीन नाकं.

वाट बघण्यात काही काम नसतं,
तिथेच प्रश्न येतात.
या शनिवारी पण बाबा नाही आला, रेणुका म्हणाली.
दहेजला शटडाऊन आहे ना, मी म्हटलं,
पटकन, सरावानं.
शौनकनं काचेवरून नजर काढली नाही.
तू फोनवर म्हणालीस, नाही आलास तरी चालेल.
गॅलरीत होतीस. दार लोटलेलं होतं,
बंद नव्हतं.

हंसाबेन उठून पाणी प्यायला गेली.
मी गाऊनला हात पुसले. ते कोरडेच होते.
म्हणाले, हो. म्हटलं होतं मी.
मग?
मग अजून काही ठरलं नाही.
ठरलं की सांगशील?
सांगीन.
आधी आम्हाला?
आधी तुम्हाला.

फूल्युं, फूल्युं, ध्वनिल ओरडला.
खरंच फुगले होते,
एक सोडून. तो मधोमध खचलेला,
त्याच्यावर तिघांनी हक्क सांगितला.
तोंडं भाजली, फुंकर कुणी घातली नाही.
रेणुकानं तिचा फोडला,
आतला एक हिरवा धागा ओढून खिडकीशी धरला,
बराच वेळ पाहिला, खाल्ला.
दुधीला काही लागत नाही, ती म्हणाली.
मग म्हणाली, थोडं लागतं.

शेवटची वाटी तिनं बशीनं झाकली.
शनिवारसाठी.
म्हटलं, दुधी आहे त्यात, राणी,
शनिवारपर्यंत टिकणार नाही.
आणि बाबा येईल का, तेही मला माहीत नाही.
तिनं मान डोलावली, पहिल्या गोष्टीला की दुसऱ्या,
कळलं नाही.
मग वाटी माझ्या हातात दिली:
फ्रीजमध्ये ठेव.
कोथिंबिरीच्या पुढे.