भरतीरेषा

मी मोजणी खात्यातला.
खाडीची भरतीरेषा खुंट्या ठोकून कायम करायची
म्हणून तीन दिवस दिवागावच्या बांधाखाली
गुडघाभर चिखलात.
नकाशावर ही रेषा निळी असते, गप्प असते.
इथे ती दिवसातून दोनदा उठते
आणि चालायला लागते.

पदीबाय मढवी वलांडीवरचे बोंबील कावळ्यांपासून राखत होती.
गावातली शेवटची धवलारीण.
खुंट्या कशाला, तिनं विचारलं.
मी म्हटलं, इथवर पाणी, इथून जमीन.
ती पान थुंकली.
"ह्ये हाशाला सांगाचा व्हता."

हाशा तुकड्यातुकड्यानं आला.
पहिल्या दिवशी एवढंच, की तेव्हा पलीकडे
ठाण्याच्या कोटात टोपीवाले,
अलीकडे बेलापुरास पेशव्यांची चौकी,
आणि मधली खार दोघांच्याही कागदात नव्हती.
भरतीला तो शिबाडं लुटायचा, कोणाची ते न विचारता.
सुकतीला चिखलावर फळी टाकून, पोटावर सरपटत,
पारशिकच्या डोंगराकडे.
बूट रुतायचे. घोडे पोटापर्यंत रुतायचे.
चिखलात हसू ऐकू यायचं म्हणे, माणूस दिसायचा नाही.
"निवटी बघलीस? तसा."
समोरच एक निवटी माझ्या खुंटीवर चढून बसली होती,
डोळे वर काढून, शेपूट पाण्यात.

दुसऱ्या दिवशी तिनं धवला म्हटला,
हळदीचा, भर दुपारी, कोरड्या आवाजात,
मांडीवर टाळी देत:

हाशा गो आयला सुकतीचे पावली
चौकीची दिवटी फुकून इझवली
मिठाची गोनी दारान ठेवली
आंबी निंगाली हाशाचे पाठी
पायानची जोडवी वाजती गो वाजती

मी वहीत उतरवून घेतलं.
मोजणीच्याच वहीत, मागच्या पानावर.

तिसऱ्या दिवशी ती आपणहून बोलली,
बोंबील उलटे करताकरता, माझ्याकडे न बघता.
"मीठ आमचाच व्हता. आमचे आगरानशी नेलान
न् आर्दा परत दिलान. गान्यान आर्दा बसत नाय."
मग बराच वेळ काही नाही.
विटाव्याच्या बाजूनं पाणी चढत होतं.
"न् आंबी निंगाली नाय. नेलान तिला.
माजे पनजीची आत्या ती. घनसोलीची.
जोडवी तिची आय मागारी शोधीत व्हती, चिखलान."

मग गाता कशाला, मी म्हटलं.

"हलदीला रडाचा नसते, पोरा."
आणि थोड्या वेळानं,
"त्या वलीला मी टाली देत नाय.
बाकीच्या वलींना देतंय, तिला नाय.
बायकांना समजते."

मी आठवून पाहिलं.
खरंच, जोडवी वाजती म्हणताना
तिचा हात मांडीच्या वर, तसाच थांबला होता.
मला वाटलं होतं, माशी हाकलतेय.

परतल्यावर जुन्या दप्तरात उगाच शोधलं.
कोटाचा तुरुंग झाला त्या वर्षांतलं एक पान,
कसरीनं खाल्लेलं, मोडी:
हाशा बिन गोमा, वय अदमासे तीस,
राहणार
आणि पुढे कारकुनानं जागा कोरी सोडलेली.
शाई वाळेपर्यंत तो बहुधा थांबला असेल,
खिडकीतून खाडी दिसत असेल त्याला.
शिक्षेचा रकाना भरलेला होता, नीट अक्षरात.
आंबीसाठी रकानाच नव्हता.

सोमवारी पुन्हा दिवागावला गेलो.
चौदा खुंट्यांपैकी अकरा उरल्या होत्या.
"भरतीनं नेल्यान," पदीबाय म्हणाली.
तिच्या मागे वलांडी नव्यानं ताणलेली,
कोपऱ्याला तीन टेकू,
टोकांना सरकारी लाल रंग,
आणि वर बोंबील, जबडे एकमेकांत अडकवून, वाऱ्यावर.

मी वही उघडली.
अहवालात लिहिलं: तीन खुंट्या, भरतीने नेल्या.