शुद्धलेखन

सातवीत होतो तेव्हा पूर्णगडच्या बंदरावर
बायकांना पत्रं वाचून द्यायचो मी.
पुरुष कुवेतला, कुणी अबादानला, कुणी आगबोटीवर.
इकडे ह्या, हातांना जवळ्याचा वास,
निळं इनलँड दोन बोटांत धरून यायच्या,
ओलं होऊ नये म्हणून.

शाळेत पहिला नंबर. शुद्धलेखनात तर तालुक्यात.
ती ढाल आहे अजून कपाटात.

भागीरथी डोर्लेकरीण आली एकदा.
नवऱ्यानं वाकड्या अक्षरांत लिहिलेलं,
'तुजी लय आटवन येते.'
मी म्हटलं, आठवण. ठ. आणि बाणाचा ण.
आणि हसलो.
एवढंच.

तिनं हात पुढे केला, पत्र घेतलं,
होत्या त्याच घड्यांवर मिटलं.
'ऱ्हाऊंदे,' म्हणाली.
उरलेलं अर्धं पत्र
मी अजून वाचलेलं नाही.

मग ती इसाकचाचांची वाट बघायला लागली.
पोस्टमन सोलकर. उर्दू शाळेत चौथीपर्यंत,
मराठी पत्ते वाचता वाचता आलेलं.
पायरीखाली वहाणा काढायचे आधी.
काठोकाठ घागर घेऊन चालावं
तसं वाचायचे.
आटवन असेल तर आटवन.
मग थांबायचे, खाडीकडे बघत.
तेवढा वेळ तिचा.
काही वाईट असलं, तर पहिल्या ओळीवर नजर टाकून
विचारायचे, 'घरात अजून कोण हाय?'

परतताना तरीवर पाय धुवायचे.
कुणी खोदून विचारलंच, अमकीच्या पत्रात काय,
तर हसायचे :
'मी कुठं शिकलेला, बाबा?
ध्यानात ऱ्हात नाय.'

पुढे मी एम. ए., बी. एड.
रत्नागिरीत एकतीस वर्षं मराठी शिकवलं.
'सुशिक्षित' हा शब्द दर वर्षी फोडला फळ्यावर.
सु म्हणजे चांगलं, म्हटलं,
आणि पुढच्या शब्दाकडे गेलो.

निवृत्तीआधीच्या मार्चमध्ये, बोर्डाच्या गठ्ठ्यात,
कुठल्याशा बंदरावरच्या मुलीचा पेपर असावा :
'बाबा बोटीवर आहेत. त्यांची आटवन येते.'
लाल पेन उचललेलं. चुकीला अर्धा गुण, नियमच आहे.
बाहेर भरती लागत होती.

मी टेबलाखाली चपला काढल्या
आणि ओळ मोठ्यानं वाचली,
लिहिली होती तशी.

अर्ध्या गुणाचं काय केलं,
ध्यानात नाही.