एकास चोवीस

वितोमीरनं माझा भुवयांचा चिमटा नेला
त्याला आता तीन आठवडे झाले.
त्याआधी नेलपॉलिश काढायची बाटली,
हेअर ड्रायर,
आणि नायलॉनचा एक धडका पायमोजा.
त्याची जाळी म्हणे रेडिएटरला शोभते.

क्रागुयेव्हाट्समध्ये, चौथ्या मजल्यावर,
काच लावून बंद केलेली आमची बाल्कनी.
तिथं हा बसतो. थिनरचा वास
थेट माझ्या कॉफीत येतो.

झास्तावा एकशे एकचा मनासारखा संच मिळेना,
म्हणून इटलीहून फियाटची पेटी मागवली
आणि त्या बिचारीची पाठच करवतीनं कापली.
तिला डिकी होती, आमच्या गाडीला मागं तिरका दरवाजा.
प्लास्टिकचे पत्रे, लांबी,
पाण्यात बुडवलेला दोन हजार नंबरचा पॉलिश पेपर;
घासायचं, बोट फिरवायचं, मान हलवायची,
पुन्हा घासायचं.
एकतीस वर्षं कारखान्याच्या रंगखात्यात काढलेला माणूस,
डोळ्यांपेक्षा बोटांचं जास्त ऐकतो.

कुठलीही गाडी नाही ही, आमची आहे.
त्र्याण्णव साली, नोटांवर रोज शून्यं वाढत होती तेव्हा,
दोन पोती पीठ आणि तेलाच्या एका डब्यावर
गेलेली.
फोटो एकच, त्यात गाडी अर्धी
आणि बाकी मी, पोटुशी, उन्हात डोळे बारीक करून.
उरलेलं सगळं त्याच्या डोक्यात:
आईनं विणलेलं सीटवरचं आवरण
(तेही केलंय, शिवणाच्या दोऱ्याचं),
नंबरप्लेटचा एक स्क्रू पितळी,
बाकीचे साधे.

परवा त्यानं डावीकडचं मागचं दार तापवलं,
चमच्याच्या पाठीनं हलकेच दाबलं,
आणि कांदा चिरता चिरता मी थांबले.

तो पोचा.

चौऱ्याऐंशीचा मे. माझ्या लायसन्सला अकरा दिवस झालेले.
घरी येऊन सांगितलं, बाजारात उभी केली होती,
निळा ट्रक घासून गेला, नंबर दिसला नाही.
तो खाली गेला, दारावरून बोट फिरवलं,
वर येऊन म्हणाला, "तुला लागलं नाही ना?"
उभ्या गाडीत मी नव्हतेच.
तरी विचारलं.
तेव्हा खटकलं नाही.

ट्रक नव्हता. ल्युबिंकाचं फाटक होतं,
माझ्याच बहिणीचं.
दूध पिताना मांजर मिटते
तसे इतकी वर्षं मी डोळे मिटलेले.

आणि आता माझं खोटं
नखाएवढं, एकास चोवीस प्रमाणात,
दिव्याखाली फिरत होतं.
त्यानं पोच्याची कड कोरली, तळाशी
गंजाचा ठिपका दिला.
गंज त्याच हिवाळ्यात धरला होता,
हेसुद्धा लक्षात.

सांगून टाकावं, असं ओठांवर आलं.
निघालं ते भलतंच:
"ट्रकचा रंग राहिला."
"माहीत आहे," म्हणाला,
आणि तळघराची किल्ली घेऊन उठला.

लिफ्ट बंद. चार मजले. गुडघे त्याचे असे.
कांदा करपला.
आला तेव्हा हातात एक गंजका डबा.
झाकण चाकूनं उचकटलं:
वर जाड साय धरलेली,
खाली निळा अजून ओला.

ल्युबिंकाचं फाटक त्यानंच रंगवलं होतं,
मी ठोकलं त्याच्या आदल्या रविवारी.

तीन केसांचा ब्रश. श्वास रोखलेला. एक तिरकी रेघ,
हँडलपासून मागच्या चाकापर्यंत.
मग भिंग खाली ठेवलं,
चिमटा शर्टाला पुसला,
माझ्यापुढे धरला.
"हा घे तुझा. माझं काम झालं."